सिरका जुना होतो तेव्हा

बकरीद जवळ आली की वऱ्हाडातल्या आपल्या घरांमध्ये कपाटाच्या मागच्या कोपऱ्यातली सिरक्याची बाटली पुढे येते. गोश्त मुरवायचे असते, कबाबसोबत सिरक्यातला कांदा लागतो, चटणीत चमचाभर घालायचा असतो. बाटली मागच्या बकरीदची असते, कधी त्याच्याही आधीची. रंग थोडा गडद झालेला, तळाला गाळ, कधी वर सायीसारखा पडदा. मग घरात दोन मते पडतात. सूनबाई म्हणते, खराब झाला, फेकून देऊ. सासूबाई म्हणतात, अगं, सिरका कधी खराब होतो का? जितका जुना तितका चांगला.

दोघींचेही थोडे बरोबर आहे आणि थोडे चूक. सिरका, म्हणजे जुन्या मराठीतला शिरका, इतर खाद्यपदार्थांसारखा सडत नाही हे खरे. पण तो जसाच्या तसा राहतो हेही खरे नाही. त्याच्यात बदल होतात. त्यातले काही चवीला चांगले असतात, काही फक्त दिसायला वाईट असतात आणि एक बदल असा आहे जो डोळ्यांना दिसत नाही, पण अचाराची अख्खी बरणी वाया घालवू शकतो. हे तीन प्रकार ओळखता आले की बाटली ठेवायची की टाकायची, याचा वाद उरत नाही.

दस्तरखानावरचा सिरका

सिरक्याला आपल्याकडे नुसत्या मसाल्याची जागा नाही. सहीह मुस्लिममध्ये हजरत जाबिर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांची रिवायत आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी घरी रोटीसोबत खायला काही सालन आहे का, असे विचारले. घरात सिरक्याशिवाय काहीच नव्हते. आपण (स.) यांनी तोच मागवून घेतला आणि त्याची प्रशंसा करत रोटी खाल्ली. घरात जे आहे त्यात समाधान मानण्याची शिकवण त्यात आहे. त्याचबरोबर सिरका हे गरिबाच्या घरातही टिकून राहणारे सालन होते, हेही त्यातून कळते. तो टिकतो म्हणूनच घरात काही नसताना सिरका होता.

तो का टिकतो हे समजून घ्यायचे तर तो बनतो कसा, इथून सुरुवात करावी लागेल.

दोन टप्प्यांचा प्रवास

उसाचा रस, जांभळाचा रस, द्राक्षे, खजूर, ज्यात साखर आहे अशा कोणत्याही रसाचा सिरका होतो. पहिल्या टप्प्यात यीस्ट नावाचे सूक्ष्म जीव साखरेचा मद्यार्क करतात. दुसऱ्या टप्प्यात वेगळ्या जातीचे जीवाणू हवेतला प्राणवायू घेऊन त्या मद्यार्काचे ॲसेटिक आम्ल बनवतात. सिरक्याचा आंबटपणा आणि नाकात जाणारा तिखट वास या आम्लाचाच असतो. फ्रान्सचे शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांनी १८६० च्या दशकात दाखवून दिले की सिरक्यावर येणारा पातळ पडदा ही घाण नसून काम करणाऱ्या याच जीवांची वस्ती आहे.

आम्ल किती तयार होणार, हे मुळातल्या साखरेवर ठरते. घरगुती पद्धतीत साखरेच्या साधारण निम्मे आम्ल हाती लागते. उसाच्या रसात १५ टक्के किंवा त्याहून जास्त साखर असते, म्हणून त्याचा सिरका कडक होतो. वरूड-मोर्शीच्या संत्र्याच्या रसात ती साधारण १० टक्क्यांच्या आसपास असते. त्याचा सिरका होतो, पण मुळातच सौम्य, आणि सौम्य सिरका साठवणीत लवकर हार मानतो. रसवंतीवरून आणलेल्या रसात बर्फ, लिंबू आणि आले असते. तो प्यायला छान, सिरक्यासाठी नाही.

मधल्या टप्प्यात मद्यार्क येतो, त्यामुळे अनेक घरांत प्रश्न पडतो की मग सिरका हलाल कसा? उलेमांचे यावर स्पष्ट मार्गदर्शन आहे. जे आपोआप बदलून पूर्ण सिरका झाले, ते पाक आणि हलाल आहे, यावर सर्वांचे एकमत आहे. मूळ वस्तूचे स्वरूपच बदलले, तर हुकूमही बदलतो. मतभेद आहे तो तयार दारूचा मुद्दाम सिरका करण्याबद्दल. इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या मते तोही जायज आहे. शाफई मतानुसार, जे आपल्या कोकणातल्या मुस्लिमांमध्ये प्रचलित आहे, मीठ किंवा कांदा यांसारखे काही घालून दारूचा सिरका केला तर तो हलाल होत नाही. आपल्या घरात रसापासून सिरका करताना हा पेच येत नाही. मात्र एक खबरदारी दोन्ही बाजूंनी लागू होते. अर्धवट झालेला सिरका म्हणजे सिरका नव्हे. नव्या बरणीला दारूसारखा किंवा नेलपॉलिशसारखा वास येत असेल, तर दुसरा टप्पा पुरा झालेला नाही असे समजावे. दीनच्या दृष्टीने तो वापरायचा नाही आणि चवीच्या दृष्टीनेही तो कच्चाच असतो. शंका असेल तर आपल्या मुफ्ती साहेबांना विचारावे.

बंद बाटलीत काय होते

पूर्ण तयार झालेला सिरका गळ्यापर्यंत भरून, घट्ट बूच लावून ठेवला तर त्याचे आम्ल वर्षानुवर्षे जवळपास तितकेच राहते. बदलतो तो वास आणि रंग. त्यात उरलेला किंचित मद्यार्क आणि आम्ल हळूहळू एकत्र येऊन फळांसारखा सुवास देणारे पदार्थ तयार होतात. नव्या सिरक्याचा नाकाला झोंबणारा वास काही महिन्यांत मवाळ होतो. फळातली उरलेली साखर आणि इतर घटक मिळून रंग गडद करतात. गाळ तळाशी बसतो आणि वरचा सिरका नितळ होतो. सासूबाई ज्याला “मुरलेला” म्हणतात तो हाच. त्या म्हणतात ते इथे खरे आहे.

जगात काही ठिकाणी हे मुरवणे ही कलाच आहे. इटलीतल्या मोडेना शहराचा पारंपरिक बाल्सामिक सिरका द्राक्षांचा रस आटवून, लाकडी पिंपांत किमान १२ वर्षे ठेवून करतात. त्यातला खास जुना प्रकार किमान २५ वर्षांचा असतो. पिंपातून पाणी उडत जाते आणि सिरका काकवीसारखा दाट होतो. चीनच्या शान्शी प्रांतात सिरका उन्हाळ्यात उन्हात ठेवतात आणि हिवाळ्यात त्यावर जमलेला बर्फ काढून टाकतात. दोन्ही वेळा पाणी कमी होते, अर्क उरतो. या सिरक्यांना वयाने किंमत येते, कारण त्यांची साठवण देखरेखीखाली होते. कपाटात विसरलेल्या बाटलीचे वय म्हणजे तशी देखरेख नव्हे.

किराणा दुकानातल्या पांढऱ्या, पाण्यासारख्या सिरक्याची गोष्ट वेगळी आहे. त्यातला बराचसा सिंथेटिक असतो, म्हणजे ॲसेटिक आम्लात पाणी मिसळून केलेला. भारतीय अन्नसुरक्षा नियमांनुसार हे लेबलवर स्पष्ट लिहावे लागते. आंबवून केलेला असो की सिंथेटिक, आम्ल किमान ३.७५ टक्के असावे लागते. सिंथेटिक सिरक्यात फळाचे काहीच नसल्याने मुरण्यासारखे काही नसते. तो दहा वर्षे ठेवला तरी सुवास येणार नाही. जुना झाला म्हणून जपून ठेवण्यात अर्थ नाही आणि बूच घट्ट असेल तर फेकण्याचीही गरज नाही.

न दिसणारा बदल

आता तो तिसरा बदल, ज्यासाठी हा लेख लिहिला आहे.

मद्यार्काचे आम्ल करणारे जीवाणू काम संपल्यावर लगेच मरत नाहीत. हवा मिळत राहिली आणि मद्यार्क संपला, तर त्यांच्यातल्या अनेक जाती स्वतः तयार केलेले आम्लच खायला लागतात. त्याचे पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होते. सिरका दिसायला तसाच राहतो, पण आतून पाणचट होत जातो. पाश्चर यांनाही हे आढळले होते.

अर्धी रिकामी बरणी, वर फडके बांधलेले, आत जिवंत पडदा, अशी स्थिती असेल तर हे घडण्याची शक्यता सर्वात जास्त. जांभळाचा सिरका जूनच्या शेवटी घालावा, ऑक्टोबरपर्यंत तो छान व्हावा, आणि मग तो बाटलीत न भरता तसाच फडक्याखाली पुढच्या जूनपर्यंत राहावा, असे बऱ्याच घरांत होते. बरणी जुनी झाली म्हणून तिचा मान वाढतो, पण तिचा कडकपणा घटलेला असतो.

कोशिंबिरीत, सालनात किंवा चटणीत सौम्य सिरका गेला तर फार तर चव कमी लागेल. पण अचाराचा सारा भरवसा आम्लावर असतो. वऱ्हाडात कैरीचे लोणचे मीठ आणि तेलाच्या जोरावर टिकते. सिरक्यातले कांदे, गाजर, मिरच्या, लसूण यांना मात्र आम्लाचाच आधार असतो. भाजीतले पाणी सिरक्यात उतरून तो आणखी पातळ होतो. आम्ल पुरेसे असेल तर विषबाधा करणारे जंतू वाढू शकत नाहीत. त्यात बोट्युलिझमसारखा जिवावर बेतणारा आजार करणारा जंतूही येतो. आम्ल कमी पडले तर ही हमी उरत नाही. अमेरिकेचे कृषी खाते घरगुती बरणीबंद लोणच्यासाठी ५ टक्के आम्लाचा सिरकाच वापरा असे सांगते. आपल्याकडच्या बाटल्या बहुधा त्यापेक्षा सौम्य असतात. म्हणून सिरक्यातले कांदे-मिरच्या फ्रिजमध्ये ठेवावेत आणि थोड्या दिवसांत संपवावेत. बचत गटातून अचार विकणाऱ्या भगिनींनी तर घरच्या, मोजमाप नसलेल्या जुन्या सिरक्यावर विसंबूच नये. एका बरणीने ग्राहक आजारी पडला तर वर्षांची मेहनत आणि विश्वास दोन्ही जातात.

वऱ्हाडचे ऊन आणि पावसाळा

सिरका करणारे जीवाणू साधारण २५ ते ३० अंश तापमानात खूश असतात. अकोला आणि अमरावतीला मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढणे नवे नाही. त्या उन्हात ते मंदावतात, कित्येक मरतात. म्हणून उन्हाळ्यात घातलेला रस अर्ध्यावर अडतो, त्यावर बुरशी येते किंवा तो नुसताच आंबून वास मारतो. पाऊस सुरू झाल्यावर किंवा दिवाळीच्या सुमारास घातलेला सिरका नीट होतो.

तयार, बूच लावलेल्या बाटलीला उष्णतेचा धोका कमी असतो, पण तिचा रंग झपाट्याने गडद होतो आणि सुवास उडतो. पत्र्याच्या छताखालची माळ्यावरची जागा सिरक्यासाठी नाही. जमिनीलगतचे, अंधारे, गार कपाट बरे. पावसाळ्यात धोका वेगळा असतो. दमट हवेत सौम्य झालेल्या सिरक्यावर केसाळ बुरशी धरते. कडक सिरक्यावर बुरशी सहसा येत नाही. म्हणजे बुरशी आली, तर आम्ल घटले असेच समजावे.

आणखी एक गोष्ट पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यातल्या घरांसाठी. दर्यापूर, अकोट, बाळापूरच्या परिसरात विहिरी-बोअरचे पाणी खारट असते. असे पाणी सिरक्यात घातले की चव आणि नितळपणा दोन्ही बिघडतात. रस पातळ करायचाच असेल तर पिण्याचे गोडे पाणी उकळून, गार करून वापरावे. तयार सिरक्यात साठवणीसाठी पाणी कधीच घालू नये.

भांडे कोणते?

काच किंवा चांगली चिनी मातीची बरणी, याला पर्याय नाही. पितळ आणि तांब्याच्या भांड्यात सिरका कळकतो. आम्लाने धातू विरघळून हिरवट, विषारी क्षार तयार होतात. कलई असली तरी ती एका ठिकाणी उडाली की तोच धोका. ॲल्युमिनियमही नको. काचेच्या बरणीला लोखंडी झाकण असेल तर वाफेने ते गंजते आणि गंज सिरक्यात पडतो. झाकणाखाली जाड प्लास्टिकचा कागद लावावा किंवा प्लास्टिकचे झाकण वापरावे. ज्या चिनी बरणीचे आतले लुकण उडाले आहे, ती सिरक्यासाठी बाद करावी.

फेकावे की ठेवावे?

वरचा सायीसारखा, गुळगुळीत, जेलीसारखा पडदा: ही जीवाणूंनी तयार केलेली जाळी आहे. निरुपद्रवी आहे. पुढचा सिरका घालताना विरजणासारखी वापरता येते.

तळाचा गाळ, गढूळपणा: निरुपद्रवी. फडक्यातून गाळून घ्यावे.

गडद रंग: फळांच्या सिरक्यात स्वाभाविक आहे.

उजेडात धरल्यावर वळवळणारे, दोरीच्या टोकासारखे अगदी बारीक जीव: यांना सिरक्यातल्या अळ्या म्हणतात. माणसाला त्या रोग करत नाहीत, पण असा सिरका कोणीही खाऊ नये. टाकून द्यावा आणि बरणी उकळत्या पाण्याने धुवावी.

केसाळ, हिरवी, काळी किंवा पांढरी बुरशी: वरवर काढून चालत नाही. सगळा सिरका टाकावा.

आंबट वास गेलेला, चव पाणचट: अचारासाठी बाद. बेसिन घासायला, नळावरचे खारट डाग काढायला चालेल.

घरच्या घरी कडकपणा पाहण्याची एक सोपी युक्ती आहे. लेबलवर आम्लाचे प्रमाण लिहिलेला नवा सिरका आणि आपला जुना सिरका, दोन्ही प्रत्येकी १०० मिली दोन मोठ्या ग्लासांत घ्यावेत. मसाल्याच्या डब्यातल्या लहान चमच्याने खाण्याचा सोडा सपाट मापाने एकेक करून घालावा, ढवळावा आणि फेस पूर्ण थांबेपर्यंत चमचे मोजावेत. ५ टक्क्यांच्या १०० मिली सिरक्याला साधारण ७ ग्रॅम सोडा लागतो. नव्याला सहा चमचे लागले आणि जुन्याला तीन, तर जुन्यात आम्ल निम्मेच उरले आहे. हे प्रयोगशाळेचे मोजमाप नाही, पण वापरायचा की नाही हे ठरवायला पुरेसे आहे. तपासलेला सिरका मात्र टाकून द्यावा.

तयार सिरका टिकवायचा असेल तर तो गाळून स्टीलच्या भांड्यात गरम करावा. उकळी येऊ देऊ नये, नाहीतर वास आणि आम्ल वाफेबरोबर जातात. ६५ अंशांच्या आसपास, म्हणजे बोट टेकवता येणार नाही पण बुडबुडे नाहीत, अशा गरमीवर दहा मिनिटे ठेवावा. स्वच्छ, कोरड्या बाटल्यांत गळ्यापर्यंत भरावा. आत जिवंत जीवाणू नाहीत आणि हवाही नाही, मग आम्ल खाणार कोण?

“वीस वर्षे जुना” सिरका

जत्रेत, बाजारात आणि आता मोबाइलवरही जांभळाचा “वीस वर्षे जुना” सिरका साखरेच्या आजारावर रामबाण म्हणून विकला जातो. युनानी वैद्यकात जांभळाच्या आणि उसाच्या सिरक्याला जुना मान आहे, सिरका आणि मध किंवा साखर मिळून केलेले सिकंजबीन प्रसिद्ध आहे. आजच्या काही छोट्या अभ्यासांतही असे दिसले आहे की जेवणासोबत थोडा सिरका घेतल्यास जेवणानंतरची रक्तातली साखर थोडी कमी चढते. पण तो परिणाम आम्लाचा आहे, वयाचा नाही. वीस वर्षांत आम्ल उडाले असेल, तर तोही परिणाम गेला. बाटलीवरचे वय तपासण्याचा ग्राहकाकडे काहीच मार्ग नसतो.

यात खरे नुकसान पैशांचे नाही. महागड्या बाटलीच्या भरवशावर एखादे अब्बा किंवा फुफ्फी साखरेच्या गोळ्या बंद करतात, इन्सुलिन टाळतात, आणि पाय किंवा किडनीवर बेतल्यावर घरच्यांना कळते. सिरका औषधाची जागा घेत नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर तो रोज घेण्याआधी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे. आणि तो कधीही नुसता पिऊ नये. दातांचे आवरण झिजते, अन्ननलिकेला इजा होते. पाण्यात मिसळून किंवा जेवणात घालूनच घ्यावा.

तेव्हा, वाचक भगिनींनो, येत्या बकरीदच्या आधी कपाट आवरताना एवढेच करा. प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी लावा: कशाचा, कधी घातला, कधी बाटलीत भरला. मुरलेला, सुवासिक, कडक असेल तो दस्तरखानासाठी ठेवा. सौम्य झाला असेल तो साफसफाईला द्या. अचारासाठी लेबलवर आम्लाचे प्रमाण लिहिलेली नवी बाटली आणा. अल्लाहने दिलेल्या या साध्या नेमतीची कदर तिला जुनी करण्यात नाही, नीट सांभाळण्यात आहे.